गुरुवारची स्कूटर

सलाला, ओमान
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

नेत्रा,

फोनच्या उजेडाने तुझं डोकं उठतं आणि माझ्या आवाजानेपण उठतं, असं आई म्हणाली. म्हणून कागद. पानांचे फोटो काढून जागृतीला पाठवतो, ती झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून तुला देईल. जागृती, तू वाचू नकोस. हे नवराबायकोचं आहे. तुझं लग्न झालं की मीपण तुझं काही वाचणार नाही.

सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही. चुकलं तर हस, पण एकटी हस, वहिनी-नणंद मिळून नको.

धनेश परवा सुट्टीवरून आला. नायगावचा धनेश, माझ्या खोलीतला, जो तुझ्याकडे गोळ्यांचा डबा घेऊन आलेला. सुकेळी पोचली. केळीच्या वाळक्या सोपाने बांधलेली पुडी मी आधी नाकाला लावली, मग उघडली. इथे मालकाच्या बागेत दिवसभर केळीचे लोंगर कापून खांदा सोलून घेतो, पण पिकलेली केळी उन्हात सुकवून खातात हे इथे कुणाच्या बापाला माहीत नाही. मल्याळी पोरं म्हणाली, ही केळी वाया गेलीत. मी म्हटलं, वाया नाही, वसईची आहेत.

खाताना धनेश सहज बोलून गेला की तुझी बायको दिसली आचोळे रोडला, गुरुवारी, गॉडफ्रेच्या स्कूटरवर. बोलला आणि लगेच लोणचं मागितलं. मी लोणचं दिलं. मग विचारलं, कशी बसलेली? एका बाजूला की दोन्हीकडे पाय टाकून? हात कुठे होते? तो म्हणाला, भाई, मी काय माप घ्यायला गेलेलो? खूप खोदल्यावर सांगितलं. डोक्यावरून ओढणी घेतलेली आणि कपाळ गॉडफ्रेच्या पाठीला टेकवलेलं.

मी रागावलेलो नाही. नुसतं विचारतो. लग्नाला तीन वर्षं झाली. माझ्या पाठीला कपाळ कधी टेकवलंस? राजोडीला गेलेलो तेव्हा तू मागचं हँडल धरून बसलेलीस, मध्ये अजून एक माणूस बसला असता.

तुझी अर्धशिशी उठली की मी काय करायचो ते तुला माहीत नाही, कारण तू आत असायचीस. खिडकीला माझा काळा रेनकोट लावून दार बंद. मी ओट्यावर. खोकायचं नाही, चप्पल वाजवायची नाही. एकदा आत येऊन कपाळावर हात ठेवला तर म्हणालीस, काढा, जड वाटतो. मी काढला. बावखलावर जाऊन पाण्यात दगड मारत बसलो, तेपण लांबून, आवाज येऊ नये म्हणून.

माझा हात जड. गॉडफ्रेची पाठ हलकी. बावखलाच्या पलीकडे राहतो, आपली फुलं टेम्पोने बाजाराला नेतो, शाळेत मला तंगडी घालून पाडायचा. त्याच्यात हलकं काय आहे ते मला सांग.

लाल गोळ्या पुरल्या का? इथल्या कंपाउंडरच्या हातापाया पडून जमवतो. माझ्या पाठीला लागू पडतात म्हणजे तुझ्या डोक्याला पडणारच. गेल्या वर्षी तू फोनवर म्हणालेलीस, तुमच्या गोळीने अर्ध्या तासात डोकं उतरलं. त्या दिवशी मी दोन माणसांचं काम केलं.

उत्तर पाठव. छोटं चालेल.

कुशल


शुक्रवार, १७ जानेवारी

नेत्रा,

छोटं चालेल म्हटलं तर तू चार ओळी पाठवल्यास. माझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला. 'आचोळ्याला पोटाच्या डॉक्टरकडे जाते. गॉडफ्रेलापण तोच आजार आहे, त्यानेच ओळखलं. डोक्याचं टेन्शन घेऊ नका. जेवत जा.'

मी शिकलेलो नाही, पण डोकं कुठे असतं आणि पोट कुठे असतं एवढं मला माहीत आहे. दुखतं डोकं, आणि बाई जाते पोटाच्या डॉक्टरकडे? हे धनेशला सांगितलं तर तो पण हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

आईला फोन केला. म्हटलं, तिच्या पोटाला काय झालंय? आई म्हणाली, काही नाही रे, जुलाब होतात मधून मधून, वर्ष झालं, मी कच्ची केळी उकडून देते मीठ घालून. वर्ष. आणि मला कुणी बोललं नाही. आपल्याकडे कुणाचं पोट बिघडलं की कच्चं केळं उकडायचं, त्याने नाही थांबलं तर दोन उकडायची. आईला वाटलं तिसऱ्याने थांबेल. मी म्हटलं, आणि गॉडफ्रेचं काय? तर म्हणते, चांगला पोरगा आहे हो, पोरीला जपून नेतो. आईने माझ्याबद्दल कधी 'चांगला पोरगा' म्हटल्याचं तुला आठवतं? मला नाही.

मग मी त्यालाच फोन लावला. भांडायचंच ठरवलेलं. तो म्हणाला, बरं झालं केलास, मीच करणार होतो. आणि सुरू झाला. आतड्याला आतून सूज येते म्हणे, जखमा होतात, त्याला आठ वर्षं आहे. त्याचंही अर्धं डोकं उठतं, डाव्या बाजूने. डॉक्टर म्हणाले ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसाच्या घरी राहायला येतात, का ते अजून नक्की कळलेलं नाही, पण आतड्याच्या पेशंटला ते डोक्याचं विचारतात. तुला त्याने फुलं भरताना ओळखलं म्हणे. एका हाताने डोळा दाबलेला आणि नजर आपल्या संडासाच्या दाराकडे. 'ती नजर मी ओळखतो रे. मी लग्नाला गेलो की नवरी नंतर बघतो, आधी संडास बघतो.'

मी म्हटलं, रिक्षाने का नाही जात? तर म्हणाला, रिक्षावाला थांबत नाही. गॉडफ्रेला वाडीपासून आचोळ्यापर्यंत प्रत्येक संडास माहीत आहे. पेट्रोल पंपाचा, पुलाच्या अलीकडे एडवर्डच्या बेकरीचा, त्याची किल्ली एडवर्ड त्यालाच देतो, आणि पुढे त्याच्या फ्लॉसी आंटीच्या बिल्डिंगचा. असं सांगत होता जशी ही त्याची जहागीर आहे.

मग म्हणाला, 'दिवसाला नऊ वेळा जाते ती. रक्तपण असतं. तुला माहीत असेल ना.'

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

माहीत नव्हतं. नेत्रा, तू त्याला आकडा सांगितलास. लग्नानंतर सहा महिने तू संडासला जाताना नळ मोठा सोडायचीस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी बाहेर पाणी वाया जाताना ऐकायचो आणि मला बरं वाटायचं, की ही माझ्यापुढे लाजते. आणि त्याच्यापुढे तुला नऊ म्हणायला लाज वाटली नाही. बाईने परक्या पुरुषाकडून साडी घेतली, हसली, हात धरला, हे कळलं असतं तर मला करायचं काय ते माहीत होतं, मारामारी केली असती. ह्याच्यावर काय करायचं? कुणाला सांगू? धनेशला सांगू की माझी बायको दुसऱ्या माणसाला रक्त किती पडतं ते सांगते?

तो अजून एक गोष्ट बोलला. ती मी इथे लिहीत नाही. ती खोटी आहे आणि मला कमी दाखवायला सांगितलेली आहे.

आता ऐक. त्या स्कूटरवर बसायचं नाही. आचोळ्याला जायचं तर जागृतीला सुट्टी असेल तेव्हा तिच्याबरोबर, नाहीतर जाऊ नको. आणि त्या डॉक्टरने डोक्यासाठी दुसरी गोळी दिलीय असं तो म्हणाला. ती त्याच्याच डोक्यासाठी लिहिलेली असेल. तुझ्या डोक्याला माझी गोळी लागू पडते, तू स्वतः म्हणाली आहेस. माझी घे. एवढं तरी माझं राहू दे.

कुशल


शुक्रवार, ३१ जानेवारी

नेत्रा,

जागृतीला विचारलं, आईलाही विचारलं. दोघींनी सांगितलं की तू दोन गुरुवार घरीच होतीस. २३ ला आणि काल ३० ला. काल सकाळी मी आईला तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा ती म्हणाली, पडवीत बसलीय रे तुझी बायको, फुलं निवडते, दोरी बांधून ठेवू का? म्हटलं नको.

मला बरं वाटलं. लपवत नाही. परवा केळीच्या ओळीत उभा राहून मी शीळ घातली, मुकादम म्हणाला, काय, लॉटरी लागली?

तुझ्या ओळी मिळाल्या. 'डोकं खूप उठतंय. तुमच्या गोळ्या घेते आहे.' बघ. मी म्हटलं नव्हतं? ह्या वेळी धनेशच्या मामेभावाबरोबर अजून पाठवतो, तो शनिवारी निघतो. दुखलं की घे, वाट बघू नको. तुझं डोकं दुखलं आणि माझ्या हातची वस्तू तुझ्या तोंडात गेली, एवढं समजलं की मला इथे जेवण जातं.

पण काही गोष्टी सुटत नाहीत. कापताना हात आपोआप चालतो आणि डोकं मागे मागे जातं. गेल्या वर्षी, मी इकडे येण्याआधी, राजोडीला आपण सगळे गेलेलो, तू मध्येच उठलीस. अर्धा तास नव्हतीस. गॉडफ्रेपण नव्हता. तू ओल्या वाळूतून परत आलीस तेव्हा चेहरा पांढरा होता. मी विचारलं तर म्हणालीस, ऊन लागलं. जागृतीच्या हळदीला तू दोनदा बावखलाच्या पलीकडे त्याच्या घरी गेलीस. आपल्याकडे पंगत बसलेली, संडासासमोर बायकांची रांग, आणि तू त्याच्या घरातून तोंड पुसत येत होतीस. तेव्हा मी काही बोललो नाही. मी बोललो नाही म्हणजे बघितलं नाही असं समजू नको.

जागृतीचं लग्न हळद लागल्यावर मोडलं त्याचं कारण तिला शिकून फारच पुढे जायचं होतं. आपलं मोडू नये असं मला वाटतं. म्हणून विचारतो.

कुठे होतीस?

तुझ्या हातची सुकेळी अजून चार उरलीत. आठवड्याला दोनच खातो.

कुशल


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नेत्रा,

हे तू घरी गेल्यावर वाच. हॉस्पिटलात वाचू नको, तिथली ट्यूबलाइट डोळ्यात जाते.

जागृतीचा फोन मंगळवारी आला, मी झाडाखाली होतो. मंगळवारी सकाळी तू फुलांच्या पाटीजवळ खाली बसलीस ती उठलीच नाहीस. गॉडफ्रेने टेम्पोतली फुलं रस्त्याच्या कडेला उतरवली आणि तुला त्यात घातलं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. जागृती रडत नव्हती. ती रडली असती तर बरं होतं.

म्हणाली, 'दादा, मी तुझी पत्रं वाचली. सगळी वाचली. झेरॉक्सवाल्यानेपण वाचली. तो मला विचारतो, तुझ्या वहिनीला बरं आहे ना?'

डॉक्टरांनी विचारलं, कसली गोळी घेत होती? जागृती घरी जाऊन तांदळाच्या पिंपामागून लाल पाकिटं घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, ह्या मी नोव्हेंबरमध्येच बंद केलेल्या. रोग गोळीने आणला असं नाही, पण आतड्यात जखम असताना असल्या गोळ्या म्हणजे धगधगत्या चुलीत काटक्या. आणि तू खाटेवरून म्हणालीस, चुकून घेतल्या.

जागृती मला म्हणाली, वहिनी चुकून घेईल का रे? अक्षर ओळखते ती.

नेत्रा, गॉडफ्रे फोनवर अजून एक गोष्ट बोलला असं मी लिहिलेलं ना. ती हीच होती. 'कुशल, त्या लाल गोळ्या पाठवू नको, तिला चालत नाहीत, मलाही एकदा त्यांनीच पाडलेलं.' स्पष्ट बोलला. दोनदा बोलला. मी ऐकलं. मला वाटलं, ह्याची स्कूटर, ह्याचा डॉक्टर, ह्याचे संडास, आणि माझी एक गोळी आहे तर तीपण वाईट. मी फोन ठेवला आणि तुला लिहिलं की माझी घे. मग अजून पाठवल्या. धनेशच्या मामेभावाला मी त्या सुकेळीच्या रिकाम्या केलेल्या पुडीत बांधून दिल्या, सोप तोच, गाठ तशीच. मला वाटलं तुला आवडेल.

मी जागृतीला विचारलं, तिने मला का नाही सांगितलं? वर्षभर परक्याला सांगते, मला नाही? ती म्हणाली, 'तू एवढ्या हौसेने पाठवायचास. तिला तुझं मन मोडवेना. दादा, गोळ्या गॉडफ्रेच्या असत्या ना, तर तिने सगळं तुला सांगितलं असतं आणि त्याच्यापासून लपवलं असतं.'

ती म्हणाली, आहेस का? म्हटलं, आहे.

आता मागचं सगळं वेगळं दिसतं. जागृतीने सांगितलं, राजोडीला तू फ्लॉसी आंटीच्या बहिणीकडे गेलेलीस, किनाऱ्यामागच्या घरात, आणि गॉडफ्रे दाखवायला पुढे गेला. हळदीला आपल्याकडे रांग होती म्हणून तू त्याच्याकडे गेलीस. मी चेहरा पांढरा बघितला आणि पुढचं मनाने लिहिलं. जागृतीच्या लग्नाबद्दल जे लिहिलं तेपण तिला सांग की मी मागे घेतो. ती वाचेलच.

मी खरं काय ते लिहितो, एकदाच. मी सलालाला आलो तो त्या बंद दारामुळे. घरात गरज होती, ते सगळ्यांना सांगितलं ते काही खोटं नाही. पण गरज आधीपण होती. मला वाटायचं तू दुखणं लावून माझ्यापासून आत बसतेस. मला तुझ्या दुखण्याचा हेवा वाटायचा नेत्रा, तुझ्याजवळ आत फक्त तेच असायचं. मग लांब आलो आणि गोळ्या पाठवू लागलो, म्हणजे मी लांबूनच दाराच्या आत शिरलो असं मला वाटायचं.

सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, लोंगर भरलेत, एप्रिलच्या आधी सोडत नाही. मी वाद घातला, मालकापर्यंत गेलो. दोन एप्रिल ठरलं. तोपर्यंत तू माझ्याकडून आलेलं काही तोंडात घालू नको. शेवटचं सुकेळं मी कालच खाल्लं, आता तुझ्याकडचं माझ्याजवळ काही नाही.

दिवसाला कितीदा, ते मला लिही. खोटा आकडा नको. लाज वाटली तर नुसता आकडा लिही, बाकी काही नको.

कुशल


रविवार, १६ फेब्रुवारी

गॉडफ्रे,

हे जागृती तुला देईल. फोनवर मला जमणार नाही, तू मध्ये बोलशील.

तुझी मंगळवारची फुलं रस्त्यावर राहिली ती कोणी उचलली नाहीत असं आई म्हणाली. ते नुकसान माझ्याकडे राहिलं.

तू मला सांगितलेलंस. मी नेत्राला सांगितलं नाही. हे तुला कळलंच असेल, पण माझ्या हातून कळावं म्हणून लिहितो. शाळेत तू मला पाडायचास त्याबद्दल मी अजून तुझ्यावर चिडलेलो होतो असं धरून चाल. दुसरं कारण मला लिहिता येत नाही.

नेत्रा घरी आली, तिचा आकडा आला. काल. चौदा होते ते सहावर आलेत. मला आधी कळला की तुला, ते विचारत नाही.

येत्या गुरुवारी, वीस तारखेला, तिला आचोळ्याला परत दाखवायचं आहे. जागृतीला रजा नाही. आई स्कूटरवर बसत नाही. रिक्षावाला थांबत नाही, ते तूच सांगितलंस. म्हणून तू ने. पंपाचा संडास रंगकामाला बंद आहे असं जागृती म्हणते, आधी बघून ठेव. एडवर्डकडून किल्ली सकाळीच घेऊन खिशात ठेव, तो बारानंतर झोपतो. तुझ्या डोक्याला त्या दिवशी काही होत असेल तर निघू नको, दोघांचं एकदम उठलं तर रस्त्यात कोण कुणाला धरणार?

पुलावर खड्डे आहेत, हळू घे. ऊन असेल. ती ओढणी डोळ्यावर ओढेल आणि मागचं हँडल धरायला बघेल. माझ्याबरोबर तसंच बसायची, तिला सवय आहे. हँडल धरून तिचा हात दुखतो आणि झटके सगळे डोक्यात जातात.

तिला सांग, टेकवायचं असेल तर टेकव. तुझ्या पाठीला. कुशलने सांगितलंय म्हणून सांग.

मला इथे वाईट वाटेल. ते तू तिला सांगू नको.

कुशल